गिअरची ढिली दांडी

चांदवडहून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगावकडे जाताना राहुड घाट उतरावा लागतो. उतारावर गाडी नुसत्या ब्रेकवर सोडू नये, खालच्या गिअरमध्ये ठेवावी, हे येथील प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. मग इंजिनच चाकांना आवरते व ब्रेक तापत नाहीत. परंतु ऐन उतारावर गिअर आपोआप सुटला तर? जुन्या गाडीत असे घडू शकते, आणि त्याचे मूळ पुष्कळदा गिअरबॉक्समध्ये नसून बाहेरच्या दोन-चार झिजलेल्या बुशांत असते. म्हणून हा प्रश्न एकट्या मिस्त्रीचा नव्हे, गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

उदाहरणादाखल आम्ही प्रीमियर पद्मिनी घेतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाटच्या नमुन्यावरून ती बनत असे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला. हौशी मालकांनी मात्र ती अजून जपली आहे.

या गाडीत गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला लागून असते. दांडी वरखाली केली की कोणती जोडी घ्यायची ते ठरते. फिरवली की त्या जोडीतला एक गिअर पडतो. हा हुकूम सळया व लहान आडव्या दांड्या गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवतात. प्रत्येक सांध्याला पिन आणि बुश असते, आणि धूळ व चिखल यांनी नेमके हेच सांधे झिजतात.

आता हिशेब पाहा. समजा, चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर प्ले आला. बेरीज दोन मिलिमीटर झाली. एकेका सांध्याकडे पाहिले तर कोणीच दोषी वाटत नाही. पण हाताने दांडी पूर्ण ओढली, तरी गिअरबॉक्सपाशी तेवढी हालचाल कमी पडते. गिअर अर्धवट अडकतो आणि धक्का बसताच सुटतो.

म्हणून आधी तपासणी करावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवावे. एकाने दांडी हळूहळू हलवावी, दुसऱ्याने सांधे पाहावेत. जेथे पिन आधी हलते व पुढची सळई मागाहून हलते, तेथे झीज आहे. मग सळई सोडवून गिअरबॉक्सवरची छोटी दांडी हातानेच फिरवावी. ती प्रत्येक जागी स्वच्छ बसली, तर गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू नये. इंजिन बंद असता गिअर सहज पडतो, पण चालू असता करकरतो, तर आधी क्लच पाहावा. इंजिनखालचे रबराचे माउंटिंगही तपासावे. ते बसले की इंजिन डोलते आणि सळईचे माप बिघडते.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. झिजलेली बुशे एकदम बदलावीत. पिनेवर खाच पडली असेल तर पिनही बदलावी, नाहीतर नवे बुश लवकरच जाईल. भोक लांबट झाले असल्यास ते भरून पुन्हा नीट पाडून घ्यावे. धातूच्या सांध्यांना ग्रीस द्यावे. रबरी बुशाला साधे ग्रीस लावू नये, रबर फुगते. कॉटर पिन दर वेळी नवी घालावी. हे सर्व झाल्यावरच दांडी व गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून सळईची लांबी जुळवावी, चेकनट आवळावा आणि चारही गिअर व रिव्हर्स पडतात का ते पाहावे.

पुष्कळ ठिकाणी याच्या उलट करतात. झीज तशीच ठेवून सळई लांब-आखूड करतात, किंवा तार गुंडाळतात. त्याने एक गिअर सुधारतो आणि दुसरा बिघडतो. माप जुळवल्याने झीज भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. बुशाची किंमत थोडी असते. वेळ जातो तो गाडीखाली निजून दोष हुडकण्यात. त्या वेळेचे दाम मालक देत नाहीत आणि मिस्त्रीला मागण्याचा संकोच वाटतो. मग पोट भरण्यासाठी गिअरबॉक्स उघडण्याचे मोठे काम काढले जाते, किंवा तार गुंडाळून गाडी रवाना होते. पहिल्याने मालक नागवला जातो, दुसऱ्याने घाटात प्रवासी. तपासणी हेही काम आहे. त्याची मजुरी आधी ठरवावी आणि ती राजीखुशीने द्यावी.