उसवता येणाऱ्या गाद्या

गेल्या पन्नासेक वर्षांत मराठी घरातली बैठक जमिनीवरून सोफ्यावर गेली. या बदलात एक मोठी सोय आपल्या हातून सुटली, असं मला ठामपणे वाटतं. बसायची-झोपायची वस्तू उघडून आतून साफ करता यायची, ती सोय.

सत्तरच्या दशकात बहुतेक घरांत सतरंज्या, कापसाच्या गाद्या आणि लोड-तक्के एवढाच पसारा असे. सतरंजीला लव नसते, त्यामुळे धूळ फारशी अडकत नाही. दोघांनी दोन टोकं धरून गच्चीत झटकली की झालं. नवरात्राच्या आधी ती धुवायला निघे, आणि ओली सतरंजी दोरीवर टाकताना घरातले सगळे हात लागत.

गादीचं तसं नाही. कापूस घाम धरतो, हवेतली ओल धरतो आणि अंगाखाली दबून त्याच्या गाठी होतात. मग उन्हाळ्यात पिंजारी बोलवायचा. अंगणात शिवण उसवून तो कापसाचा ढीग मोकळा करी आणि कमानीची तात त्यात धरून लाकडी ठोकळ्याने तिच्यावर ठोके देई. तात थरथरली की गाठी सुटत, तंतू उडून बाजूला पडत आणि वर्षभराची धूळ, सरकीची टरफलं खाली बसत. संध्याकाळपर्यंत तोच कापूस धुतलेल्या खोळीत जाई, दाभणाने टाके पडत आणि चपटी झालेली गादी टम्म फुगे. नवा कापूस लागलाच तर थोडा.

एरवी गाद्यांना ऊन दाखवायचं. त्यामागचं कारणही पक्कं आहे. अंथरुणातले धुळीचे किडे माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना हवेत दमटपणा लागतो. कडक उन्हात ते वाळून मरतात. नंतर गादी झोडपायची ती त्यांचे अवशेष बाहेर काढण्यासाठी, कारण दम्याच्या माणसाला तेही बाधतात.

पुढे फोम आला, सोफासेट आले, काही घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचेही आले. त्यांतली धूळ काढायला यंत्र हवं, आणि ते तसं जुनंच: लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ शोषणारं यंत्र १९०१ सालीच आणलं होतं. घोडागाडीवरचं ते धूड रस्त्यावर उभं राही आणि नळ्या खिडकीतून घरात जात. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात हे तंत्र खऱ्या अर्थाने पोचवलं ते १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी. सोफ्यातून निघालेली धूळ डोळ्यांदेखत दाखवली की घरातली बाई थक्क होई. पण आपली फरशी केरसुणी आणि ओल्या फडक्यानेच स्वच्छ होते, म्हणून बऱ्याच घरांत ते यंत्र माळ्यावर गेलं आणि सोफा पुन्हा फडक्याने झटकला जाऊ लागला.

आता घरी येऊन सोफा शाम्पू करून देणारे मिळतात. काम चांगलं करतात, पण पाणी किती वापरलं यावर सगळं ठरतं. फोम आतपर्यंत भिजला तर सुकताना आतला मळ पाण्याबरोबर वर येतो आणि गेलेला डाग परत दिसतो. साबण राहिला तर कापड चिकट होऊन लवकर मळतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे काम काढूच नये. कुबट वास एकदा फोममध्ये बसला की निघत नाही. गालिच्याचंही तेच, पाठीला ताग असेल तर तो कुजतो.

म्हणून नवा सोफा घेताना रंगाआधी चेन बघावी. अभ्रा काढून धुता येतो का, आतली उशी बाहेर निघते का, एवढं दुकानातच हात घालून पाहावं. कापसाची गादी असेल तर ती टाकू नये. कमान गेली, पण अनेक गावांत गादीवाल्याकडे पिंजण्याचं यंत्र आहे. कापूस आपल्यासमोर पिंजून घ्यावा, आणि खोळ आधी धुऊन, पूर्ण वाळवून न्यावी.