कुवेतमधील मुलांचा खाऊ आणि व्यसनाची वाट

आखातातील कुवेत या छोट्याशा देशात मद्यास कायद्याने सक्त मनाई आहे. तथापि किशोरवयीन मुलांच्या व्यसनांची चिंता तेथील पालकांस व शासनास सुटलेली नाही. आणि नवल असे, की या चिंतेचा एक धागा मुलांच्या खाऊपर्यंत जाऊन पोहोचतो.

पूर्वी कुवेती घरात दुपारी मोठ्या परातीत मच्छबूस, म्हणजे मसालेदार भात व त्यावर मांस किंवा मासळी, वाढली जाई आणि सारे कुटुंब तिच्याभोवती बसे. कोकणच्या मासळी-भातावर वाढलेल्या आपल्या वाचकांस हे चित्र परके वाटणार नाही. पुढे परदेशी उपाहारगृहे आली. २००४ साली तलबात ही घरपोच खाद्यपदार्थ पुरविणारी संस्था कुवेतमध्येच स्थापन झाली. उन्हाळाही मदतीस होताच. जुलै २०१६ मध्ये तेथील मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सिअस तपमान नोंदले गेले. अशा उन्हात मुलांनी खेळावे तरी कोठे? थंडगार खोली, पडदा आणि दाराशी येणारा पुडा, एवढ्यातच सुट्टी सरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार २०११ व २०१५ साली कुवेतच्या शाळांतून विद्यार्थ्यांची आरोग्य-पाहणी झाली. या योजनेत आहार व तंबाखू यांविषयीचे प्रश्न एकत्रच विचारले जातात. अनेक देशांतील अशा पाहण्या ताडून पाहता या सवयी बहुधा एकाच मुलाच्या ठायी नांदताना दिसतात. यावरून आज बर्गर खाणारा मुलगा उद्या अमली गोळी घेईल, असा निष्कर्ष कोणी काढू नये. एकत्र आढळणे म्हणजे एकामुळे दुसरे घडणे नव्हे. आम्हांस वाटते, की दोहोंचे मूळ बरेचदा एकच असते: हाती खुळखुळणारा पैसा, रात्रीचे जागरण, आणि जेवलास का असे विचारणारे कोणी घरी नसणे.

खाऊ आणि उत्तेजक द्रव्य यांच्या अगदी सीमेवर उभी असलेली एक वस्तू मात्र आहे. ती म्हणजे ‘एनर्जी ड्रिंक’. साखर व कॅफिन यांनी भरलेला हा रंगीत डबा शीतपेयाच्या शेजारी मांडला जातो, म्हणून तो निरुपद्रवी भासतो. रात्री तो प्यायचा, झोप घालवायची, सकाळी मरगळ आली की पुन्हा तोच! अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी १,०९९ तरुणांचा काही वर्षे मागोवा घेतला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, ही पेये सातत्याने पिणारे पंचविशीच्या सुमारास कोकेनकडे व उत्तेजक औषधांच्या गैरवापराकडे वळण्याची शक्यता अधिक आढळली. ते तरुण महाविद्यालयीन वयाचे होते, शाळकरी नव्हते, हेही ध्यानी ठेवावे.

कुवेतच्या आरोग्य मंत्रालयाने २०२५ साली यावर कठोर नियम केले. अठरा वर्षांखालील मुलांस ही पेये विकण्यास बंदी झाली. २५० मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन नसावे असे ठरले. शाळा, उपाहारगृहे व कोपऱ्यावरचे बकाले यांतून ती हटविण्याचा आदेश निघाला. महाराष्ट्रातही शाळांच्या ५०० मीटर परिसरात अतिकॅफिनयुक्त पेयांस बंदी घालण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत झाली होती. दोन्ही ठिकाणी मोठा भाऊ डबा आणून देणार नाही, याची हमी कोण देणार?

नोकरीनिमित्त कुवेतला गेलेल्या भारतीय कुटुंबांत आई रुग्णालयात पाळीवर आणि वडील कंपनीत, अशी घरे पुष्कळ. आपल्याकडेही पाळीच्या नोकऱ्या काही नव्या नाहीत. आपल्या इस्रायलमध्ये जानेवारी २०२० पासून अतिरिक्त साखर, मीठ व संपृक्त चरबी असलेल्या पुड्यांवर तांबडे चिन्ह असते, ते मुलांसही ओळखता येते. परंतु तो पुडा रात्री दोन वाजता, कोणाच्या संगतीत फोडला गेला, हे चिन्हावरून कळत नाही. ज्या मुलाने घरचे जेवण टाळावयास सुरुवात केली, जो दिवसा झोपतो आणि रात्री खातो, त्याच्याशी पुड्याविषयी वाद घालण्याआधी झोपेविषयी व सोबत्यांविषयी बोलावे, असे आम्ही सुचवू.