उंदीर बरा झाला, माणसाचं काय?

‘मधुमेहावर नवं औषध, उंदरांवरचा प्रयोग यशस्वी!’ असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधीतरी आला असेल. तो वाचून घरातल्या आजोबांनी ‘मग या गोळ्या बंद करू का?’ असंही विचारलं असेल. पण त्या उंदराला मधुमेह झाला कसा, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारायला शिकणं, हाच रोगांच्या प्राणी-मॉडेलच्या अभ्यासाचा गाभा आहे. एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेणाऱ्यांना तो शिकावाच लागतो. तुमच्या घरातलं कुणी तिकडे निघालं असेल, तर पुढे काय वाढून ठेवलंय ते जाणून घ्या.

आजार आधी तयार करावा लागतो

मधुमेहाच्या प्रयोगात अनेकदा उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचतात. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं आणि काही दिवसांतच रक्तातली साखर वाढते. हा प्रकार टाइप १ मधुमेहाच्या जवळ जातो. आपल्या घराघरांत दिसतो तो मात्र बहुतेक टाइप २. त्यात सुरुवातीला इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्यासाठी उंदराला आधी काही आठवडे भरपूर चरबीचं खाद्य देतात आणि मग त्याच रसायनाचा छोटा डोस.

साखर दोन्ही उंदरांची वाढलेली, पण कारण वेगळं. म्हणून एकावर चाललेलं औषध दुसऱ्यावर चालेलच असं नाही. मॉडेल म्हणजे अख्खा आजार नव्हे, त्याचा एक तुकडा. कोणता तुकडा, हे विद्यार्थ्याला आधी सांगता आलं पाहिजे.

प्राणी बदलला की उत्तर बदलतं

कोविडच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण आली. त्या वेळच्या विषाणूची साध्या उंदराला लागणच होईना, कारण विषाणू पेशीत ज्या दारातून शिरतो ते दार उंदरात वेगळं असतं. मग हॅमस्टर कामी आले. सार्सच्या अभ्यासासाठी २००७ मध्ये मानवी जनुक घालून तयार केलेल्या उंदरांचीही आठवण झाली.

उलटही घडतं. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं गेलं. माकडांवर ते सुरक्षित ठरलं होतं. माणसांना तर त्याच्या ५०० पट कमी डोस दिला होता. तरीही काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. ते वाचले, पण माकडाच्या आणि माणसाच्या पेशींमधला एक बारीक फरक केवढा महाग पडू शकतो, हे जगाला कळलं.

हात थरथरणारच

या अभ्यासात प्राणी हाताळणं, औषध पाजणं, रक्त काढणं आणि बरेचदा शेवटी त्याला कमीत कमी वेदना देऊन मारणंही येतं. मुलगी पहिल्या दिवशी अ‍ॅनिमल हाऊसमधून आली आणि जेवली नाही, तर तिला हसू नका. ही अस्वस्थता टिकलेलीच बरी. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं तिथूनच पुढे जातात: प्राण्याशिवाय काम होत असेल तर पर्याय वापरा, होत नसेल तर कमीत कमी प्राणी घ्या आणि त्यांचा त्रास कमी करा.

भारतात असा प्रयोग मनाला येईल तसा करता येत नाही. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे अर्ज करावा लागतो. हाच प्राणी का, इतकेच का, पर्याय का चालणार नाही, याची उत्तरं द्यावी लागतात. मंजुरीनंतरच काम सुरू होतं. संख्या फार कमी धरली, तर निष्कर्ष निघत नाही आणि घेतलेले जीवही वाया जातात. म्हणून इथे सुईइतकंच संख्याशास्त्रही पक्कं लागतं.

प्रवेश घेण्यापूर्वी विचारा

कॉलेजचं अ‍ॅनिमल हाऊस नोंदणीकृत आहे का? प्राण्यांची काळजी घ्यायला पशुवैद्य आहेत का? पेशींवरचे प्रयोग, झेब्रा माशांचे भ्रूण, संगणकावरचे पर्याय शिकवतात का? प्राण्यांवर काम करणं मनाला पटत नसेल, तर याच पर्यायांमध्येही संशोधन करता येतं.

आणि आजोबांना काय सांगायचं? उंदरावरचा प्रयोग ही औषधाच्या वाटेवरची सुरुवातीची पायरी आहे. माणसांवरच्या चाचण्या अजून पुढे आहेत आणि अनेक औषधं तिथे गळतात. तोवर गोळ्या चालू ठेवायच्या. बदल करायचा तो डॉक्टरांनाच विचारून.