तळघरातला पूर

कॅनडातल्या विनिपेग शहरात बर्फ वितळू लागले, की सगळ्यांचे लक्ष रेड नदीकडे लागते. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वरच्या अंगाचे बर्फ आधी वितळते आणि ते पाणी खाली येते तेव्हा पुढचे पात्र अनेकदा गोठलेलेच असते. १९५०च्या पुरात सुमारे एक लाख माणसांना घरे सोडावी लागली. मग १९६२ ते १९६८ या काळात नदीचे जादा पाणी शहराबाहेरून नेणारा कालवा खोदला गेला. १९९७च्या महापुरात त्यानेच शहराला तारले.

पण एक पूर या कालव्याने टळत नाही. तो तळघरातल्या मोरीच्या जाळीतून वर येतो.

हिवाळ्यात खोलवर गोठलेल्या जमिनीत बर्फाचे पाणी मुरत नाही. ते रस्त्यावरून वाहते, घरांच्या पायाशी साचते. शहराच्या जुन्या भागांत रस्त्यावरचे पाणी आणि घरांतला मैला एकाच भुयारी गटारातून जातो. नदी चढली, की तिचे पाणी आत शिरू नये म्हणून गटाराची तोंडे बंद होतात आणि सारी भिस्त पंपांवर राहते. पाणी पातळी पाहून वाहते. गटारातली पातळी तळघराच्या फरशीपेक्षा वर गेली, की मैला घरात उलटतो.

तळघरात भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, विजेची जोडणी असते. कुणाची झोपायची खोलीही असते. मैल्याबरोबर रोगजंतू येतात. भिजलेले गालिचे फेकावे लागतात. वीज बंद केल्याशिवाय त्या पाण्यात पाय टाकणे जिवावर बेतू शकते.

यावर उपाय म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. मात्र ती मिटलेली असताना घरातलेही सांडपाणी बाहेर जात नाही. अशा वेळी कपडे धुतले, शौचालयात पाणी सोडले, तर आपलेच पाणी आपल्या तळघरात भरते.

दुसरा उपाय पायाशी साचलेले पाणी पंपाने उपसण्याचा. ते अंगणात, भिंतीपासून दूर सोडायला हवे. सोयीसाठी ते मैल्याच्या नळात सोडले, तर भरत आलेल्या गटारात आणखी भर पडते. आपले तळघर कोरडे होते, आणि ज्याच्याकडे झडप नाही अशा शेजाऱ्याच्या मोरीतून तेच पाणी मैला घेऊन वर येते.