दवाखाना बाजाराचा की सरकारचा?

१९९१ साली देशाने नवे आर्थिक धोरण स्वीकारले. तेव्हापासून 'दवाखाने चालविणे हे सरकारचे काम नव्हे, ते बाजारावर सोडावे' असे म्हणणारे वाढले आहेत. या म्हणण्यात तथ्य किती, हे आपण पेठ तालुक्यापुरते तपासून पाहू.

स्पर्धा असली की दर उतरतात, माल सुधारतो, असे बाजाराचे समर्थक सांगतात. किराणा मालाबाबत ते खरेही आहे. परंतु भातखाचरात साप चावलेला माणूस चार दवाखान्यांचे दर विचारीत फिरू शकत नाही. आपल्याला कोणते औषध लागेल, हेही त्याला ठाऊक नसते. आजार अवचित येतो व रोग्याला डॉक्टरइतके ज्ञान नसते, म्हणून आरोग्यसेवा हा इतरांसारखा बाजार नव्हे, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले.

दुसरे असे की, बाजार गरज पाहत नाही, ऐपत पाहतो. पेठ हा आदिवासी तालुका. नागली, वरई, भात यांवर वर्ष निघत नाही, म्हणून पुष्कळ कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला बाहेर पडतात. अशा ठिकाणी महागडी यंत्रे घेऊन कोण बसणार? मोठी खाजगी इस्पितळे नाशिकला, घाट ओलांडून सुमारे ५५ किलोमीटरवर! याउलट आदिवासी भागात ३,००० वस्तीस एक उपकेंद्र व २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. त्यामागे नफा नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे राज्यघटनेचे ४७ वे कलम सांगते.

मग विम्याचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने मोठ्या शस्त्रक्रियेचा भार हलका होतो, हे मान्य. पण ती ठरावीक उपचारांपुरती, तीही इस्पितळात दाखल झाल्यावर. तापाची गोळी, बाळाची लस, गरोदर भगिनीची तपासणी गावाजवळच मिळाली पाहिजे.

सरकारी व्यवस्थेत दोष नाहीत काय? जरूर आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. परंतु डॉक्टरची जागाच रिकामी असेल, तर मोफत केसपेपर काय कामाचा? म्हणून दवाखाना विकणे हा उपाय नव्हे, तो राबता ठेवणे हा उपाय होय. रिकाम्या जागा व औषधांचा साठा यांबद्दल ग्रामसभेत व रुग्ण कल्याण समितीपुढे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. आमच्या शिकलेल्या तरुणांनी तेवढे काम अंगावर घ्यावे, ही आमची त्यांना विनंती आहे.