निवळशंख पाण्याची ठेव

शरद पौर्णिमेच्या रात्री भेडाघाटच्या पंचवटी घाटावरून नाव सुटते आणि थोड्याच वेळात दोन्ही तीरांवरचे संगमरवरी कडे जवळ येऊ लागतात. चांदणे कड्यांवर सांडते, कड्यांवरून पाण्यात उतरते आणि वर-खाली दोन्हीकडे तोच शुभ्र पाषाण दिसू लागतो. नावाडी यमके जुळवीत एकेका खडकाची ओळख करून देत असतो. प्रवाशांची दृष्टी कड्यांवर खिळलेली असते. नावाड्याची मात्र पाण्यावर. पावसाळ्यात नर्मदा गढूळ आणि वेगवान झाली की येथील नौकाविहार बंद ठेवला जातो. पूर ओसरून पाणी निवळले की हंगाम पुन्हा उघडतो. ज्याला पर्यटक सौंदर्य म्हणतात, ते घाटावरच्या अनेक कुटुंबांसाठी वर्षाचे उत्पन्न असते. नावाडी, फूलवाले, संगजिऱ्याच्या मूर्ती कोरणारे कारागीर, चहाच्या टपऱ्या चालविणारे असे सारेच या पाण्याच्या रंगावर अवलंबून आहेत.

जबलपूर हे नगर मराठी माणसाला परके नाही. १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे १९५६ पर्यंत, नागपूर ही राजधानी असलेल्या राज्याचा ते एक प्रमुख भाग होते. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या मराठी भाविकांना येथील ग्वारीघाट, तिलवाराघाट आणि भेडाघाट ही नावे घरच्यासारखी वाटतात. म्हणूनच या नगरीच्या पाण्याची कथा आपल्यालाही जवळची आहे.

पाणी गढूळ का होते?

मराठीत स्वच्छ पाण्यासाठी एक सुंदर शब्द आहे : ‘निवळशंख’. पाणी ‘निवळते’ म्हणजे त्यातील गाळ तळाशी बसतो. पूर्वी घरोघरी मडक्याच्या आतील बाजूस निवळीचे बी घासले जाई किंवा पाण्यात तुरटी फिरविली जाई. या दोन्ही उपायांनी सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात.

ही क्रिया निसर्गातही अखंड चालू असते. मात्र तिला वेळ लागतो. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण संथ पाण्यात एक मीटर खाली जाण्यास साधारण दोन मिनिटे घेतो. चिकणमातीचा दोन सहस्रांश मिलिमीटरचा कण तेवढ्याच अंतरासाठी सुमारे तीन दिवस घेतो. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात, मंडला आणि दिंडोरीच्या परिसरात, काळ्या पाषाणापासून बनलेली बारीक पोताची माती विपुल आहे. वृक्षतोड झाली, उतारावरची जमीन उघडी पडली की पहिल्याच पावसात ही माती प्रवाहात उतरते आणि दीर्घकाळ तरंगत राहते.

गढूळपणाचे दुसरे कारण जिवंत असते. सांडपाणी, शेण आणि शेतातील खते यांतून नत्र व स्फुरद पाण्यात आले की सूक्ष्म शेवाळ वेगाने वाढते आणि पाणी हिरवे पडते. पुढे जलपर्णी पसरते. मेलेले शेवाळ तळाशी कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरून टाकते आणि मासे गुदमरू लागतात. मातीचा गढूळपणा काही दिवसांत ओसरतो. शेवाळाचा गढूळपणा, त्याला पोसणारा नाला वाहता असेपर्यंत, हटत नाही.

धरणाखालची नदी

जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी येथे नर्मदेवर धरण उभे आहे. १९७४ च्या सुमारास सुरू झालेले त्याचे काम १९९० मध्ये पूर्ण झाले. राणी अवंतीबाई सागर या नावाने ओळखला जाणारा त्याचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब आहे. या विशाल जलाशयाने १६२ गावांना बाधित केले, याचे विस्मरण त्याच्या काठावर सहलीला जाणाऱ्यांना होऊ नये.

पाण्याच्या स्वच्छतेच्या दृष्टीने हा जलाशय म्हणजे एक प्रचंड मडके होय. नदीचा वेग येथे मंदावतो, माती तळाशी बसते आणि तुलनेने नितळ पाणी खाली सोडले जाते. भेडाघाटच्या कड्यांमध्ये हिवाळ्यात दिसणाऱ्या हिरव्या-निळ्या पाण्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय स्वच्छ, खोल पाणी प्रकाशातील तांबडा रंग शोषून घेते आणि निळा-हिरवा परत पाठविते. पांढऱ्या पाषाणाच्या पार्श्वभूमीवर तो अधिक खुलतो.

परंतु ही सोय विनामूल्य मिळत नाही. बसलेली माती जलाशयाची साठवणक्षमता हळूहळू कमी करते. धरणाच्या खालच्या बाजूला नदीला मिळणाऱ्या उपनद्या आणि नाल्यांवर तर धरणाचा काहीच ताबा नसतो. शहरालगत गौर आणि परियट या नद्यांच्या काठी दुग्धव्यवसाय मोठ्या प्रमाणावर वाढला. गोठ्यांतील शेण आणि मलमूत्र प्रवाहात जाण्याचा प्रश्न न्यायालय आणि राष्ट्रीय हरित लवाद यांच्यापर्यंत पोहोचला. दुधाचा पेला शुभ्र असावा अशी अपेक्षा करणाऱ्या नगरानेच आपल्या नदीला त्याचा मळ दिला, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

बावन तालांची नगरी

जबलपूरची ओळख केवळ नर्मदेची नाही. ‘बावन तालांचे शहर’ हे या नगरीचे जुने बिरूद. मदनमहालच्या टेकड्यांचे कठीण कातळ पावसाचे पाणी सहजासहजी मुरू देत नाहीत. ते उतारावरून वाहू लागते. गढ्याच्या गोंड राज्यकर्त्यांनी हे जाणले आणि पायथ्याशी तलाव बांधले. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संग्रामशाहाच्या नावाने संग्रामसागर आहे. राणी दुर्गावतीच्या नावाने राणीताल, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि तिचा दिवाण आधारसिंह याच्या नावाने आधारताल, असे परंपरा सांगते. राणी, दासी आणि दिवाण या तिघांचीही स्मृती पाण्याच्या रूपाने राखणारे नगर विरळाच.

आज राणीतालच्या जागी क्रीडासंकुल आहे आणि चेरीताल ही एक नागरी वस्ती आहे. नावे उरली, पाणी गेले. देवताल, सुपाताल, हनुमानताल, गुलौआताल असे जे तलाव टिकून आहेत, त्यांच्या काठी सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक दिसतात, मुले माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, सणासुदीला गर्दी होते. परंतु दाट वस्तीने वेढलेल्या तलावाचे भवितव्य त्याच्या काठाच्या सुशोभीकरणावर अवलंबून नसते. ते त्यात येऊन मिळणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. काठावर फरसबंदी झाली, दिवे लागले, कारंजी उडाली, तरी एक नाला आत येतच राहिला तर दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी पुन्हा हिरवे होते.

तलाव सहसा एका रात्रीत बुजविला जात नाही. आधी त्याचे पाणी खराब होते, मग लोक त्याच्याकडे पाठ फिरवितात, मग तेथे केरकचरा पडू लागतो आणि अखेर ‘पडीक जागा’ म्हणून त्याचा विचार सुरू होतो. पाण्याची नितळता टिकविणे म्हणजे या साखळीची पहिलीच कडी तोडणे होय.

एक पांढरी तबकडी

पाणी किती नितळ आहे हे मोजण्याचे साधन आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. १८६५ मध्ये अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात एका नौकेवरून पांढऱ्या तबकड्या पाण्यात सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात याची नोंद केली. तलावांसाठी आज वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांत रंगविलेली तबकडी वापरतात. तिला सेकीचेच नाव मिळाले आहे.

एखाद्या शाळेला किंवा रहिवासी मंडळालाही ही तबकडी तयार करता येईल. खुणा केलेल्या दोरीला वजनासह ती बांधावी. दुपारच्या सुमारास, नावेच्या सावलीच्या बाजूने, ती हळूहळू पाण्यात सोडावी. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, यांची सरासरी घ्यावी. दर महिन्याला ठरावीक जागी हे मोजमाप केल्यास वर्षभरात तलावाच्या प्रकृतीचा एक विश्वसनीय आलेख हाती येतो. सामान्यतः दोन मीटरपेक्षा कमी आकडा सातत्याने येऊ लागला आणि पाण्याला हिरवी छटा असली, तर तलावात पोषकद्रव्ये अतिरिक्त झाली आहेत असे तज्ज्ञ मानतात.

नितळ म्हणजे निर्मळ नव्हे

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. तळाशी पडलेले नाणे स्पष्ट दिसते म्हणून ते पाणी स्नानास किंवा आचमनास योग्य ठरत नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि तबकडीलाही सापडत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार उघड्यावरील स्नानासाठीच्या पाण्यात दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा. जैवरासायनिक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि कोलिफॉर्म जंतूंची संख्या १०० मिलिलिटरला ५०० पेक्षा जास्त नसावी. पिण्याच्या पाण्याचे निकष याहून कठोर आहेत. गढूळपणाच्या एककात त्याची इष्ट मर्यादा केवळ १ आहे.

तात्पर्य, गढूळ झालेले पाणी धोक्याची सूचना देते. परंतु नितळ पाणी निर्धोकपणाची हमी देत नाही. नितळता ही पहिली पायरी आहे, प्रयोगशाळेतील तपासणी ही दुसरी.

पुन्हा निवळलेले सरोवर

एकदा बिघडलेले पाणी सुधारते का, असा प्रश्न साहजिकच पडतो. अमेरिकेतील सिएटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवराचे उदाहरण या बाबतीत आशादायक आहे. काठावरच्या वस्त्यांचे सांडपाणी अनेक वर्षे त्यात सोडले जात होते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात तबकडी एक मीटर खोलीच्या आतच दिसेनाशी होई. नागरिकांनी खर्चाचा भार उचलण्यास संमती दिली आणि १९६३ ते १९६८ या काळात सर्व सांडपाणी सरोवरापासून दूर वळविण्यात आले. काही वर्षांतच पाणी कितीतरी पटींनी नितळ झाले. कोणतेही जादूचे रसायन तेथे वापरले गेले नाही. केवळ नाले थांबविले गेले.

जबलपूरनेही या दिशेने पावले टाकलेली आहेत. गणेश आणि दुर्गा यांच्या मूर्तींचे विसर्जन थेट नदीत होऊ नये यासाठी भटौली आणि तिलवारा येथे विसर्जनकुंडे करण्यात आली. ३ मे २०१७ रोजी मध्य प्रदेश विधानसभेने नर्मदेला जिवंत व्यक्तित्व मानण्याचा ठराव संमत केला. ठरावाने भावना व्यक्त होते. ती आचरणात आणण्याचे काम घाटावर दररोज करावे लागते. शाडूची लहान मूर्ती, पाण्यात न टाकता वेगळे ठेवलेले निर्माल्य, दीपदानासाठी पानांचे द्रोण आणि साबणाविना स्नान, एवढे पाळले तरी हजारो भाविकांच्या संख्येने गुणले असता त्याचे मोल मोठे होते.

मुद्दल राखावी

व्यवहारातला एक साधा नियम आहे. ठेवीच्या व्याजावर संसार चालवावा. मुद्दलीला हात लावू नये. नर्मदेचे नितळ पाणी, त्यावर चालणारी नाव, तलावाकाठची सकाळ हे सारे व्याज आहे. खोऱ्यातील झाडी, उतारावर धरून ठेवलेली माती, नाल्यांपासून मुक्त असलेला तलाव ही मुद्दल आहे. राणी दुर्गावतीच्या काळातील माणसांनी ही ठेव आपल्या नावे केली, तेव्हा त्यांना तिचे व्याज उपभोगणाऱ्या पिढ्या दिसणार नव्हत्या.

पुढील शरद पौर्णिमेला भेडाघाटची नाव पुन्हा सुटेल. त्या नावेत आपल्यापैकी कोणी असेल तर त्याने क्षणभर कड्यांवरची दृष्टी काढून नावाड्याप्रमाणे पाण्याकडे पाहावे. परत आल्यावर आपल्या गावच्या तळ्याकडेही तसेच पाहावे. त्यात कोठून कोणता नाला येऊन मिळतो, हे ज्याने एकदा शोधले, त्याने ते तळे राखण्याचे निम्मे काम केले असे समजावे.