झाड कोणाचे? सातबारा, वनपट्टा आणि शासनाची भागीदारी

नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील धर्मग्रामांना भेट देताना एक प्रश्न वारंवार कानी पडतो. "फादर, रोपे फुकट मिळतात म्हणे, पण उद्या झाड मोठे झाले की ते माझे की फॉरेस्टवाल्यांचे?" विचारणारा शेतकरी आळशी नसतो, झाडांचा शत्रू तर मुळीच नसतो. त्याच्या आजोबांनी राखलेला मोह अजून बांधावर उभा असतो. तरीही तो नवे रोप लावताना दहा वेळा विचार करतो, आणि त्याचे कारण त्याच्या स्वभावात नसून जमिनीच्या कागदात आहे.

सातपुड्यात, विशेषतः अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत, एकाच कुटुंबाकडे पुष्कळदा दोन प्रकारची जमीन असते. एक मालकीची, जिचा सातबारा आहे. दुसरी वनपट्ट्याची, म्हणजे वनहक्क कायद्याने कसण्याचा हक्क मिळालेली वनजमीन. दोन्हींच्या मध्ये कधी कधी केवळ एक नाला असतो. परंतु नाल्याच्या अलीकडे आणि पलीकडे झाडाचा कायदा निराळा आहे. शासनाच्या कोणत्याही वृक्षयोजनेत नाव घालण्यापूर्वी हा भेद समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम मालकीच्या जमिनीविषयी. येथे झाड मालकाचे आहे, ह्यात शंका नाही. तथापि महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, जांभूळ अशी अनुसूचित झाडे तोडण्यास पूर्वपरवानगी लागते. शिवाय खातेदार आदिवासी असेल तर १९६९ चा आणखी एक कायदा लागू होतो. त्या काळी ठेकेदार पाड्यावर येत, थोडी रक्कम हातावर ठेवीत आणि सागाची मोठमोठी झाडे घेऊन जात. ह्या लुबाडणुकीस आळा बसावा म्हणून आदिवासी खातेदाराने आपली झाडे परस्पर विकू नयेत, विक्री जिल्हाधिकारी व वनखाते यांच्यामार्फत व्हावी, अशी व्यवस्था करण्यात आली. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु मोजणी, पंचनामा, परवानगी ह्या पायऱ्या चढताना माणूस थकतो, आणि थकलेला माणूस पुन्हा त्याच ठेकेदाराच्या दारी जातो, हेही खरे आहे.

ह्या भीतीला कोकणातील इतिहासानेही खतपाणी घातले आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. पुढे कित्येक दशकांपूर्वीच्या जुन्या नोटिसांच्या आधारे काही जमिनींच्या सातबाऱ्यांवर वनाची नोंद झाली. ठाणे-मुंबई परिसरातील अशा जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जानेवारी २०१४ मध्ये गोदरेज अँड बॉईस प्रकरणात न्यायालयाने जमीनमालकांच्या बाजूने निर्णय दिला. सातपुड्यातील शेतकऱ्याला ह्या खटल्याचे नावही ठाऊक नसेल. पण "झाडी वाढली की सरकार जमीन घेते" ही समजूत मात्र डोंगरदऱ्यांतून फिरत राहिली आहे.

आता वनपट्टा. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ अन्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर कमाल ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. विवाहित व्यक्तीच्या बाबतीत तो पती व पत्नी दोघांच्या नावे असतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. ह्या कायद्याने गौण वनोपजाची मालकी दिली आहे, आणि त्या व्याख्येत बांबू, तेंदूपाने, मध, मोहफुले यांसारखी उत्पन्ने येतात. इमारती लाकूड मात्र येत नाही. आमच्या मते वनपट्टाधारकाने लक्षात ठेवण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. वनपट्ट्यावर साग लावून वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्या लाकडावर लेकीचे लग्न करण्याचा बेत आखू नये. तेथे तोडायचे झाड न लावता वेचायचे, खुडायचे झाड लावावे. आंबा, मोह, चारोळी, सीताफळ, आवळा आणि बांबू ही ती झाडे. साग लावायचाच असेल तर तो सातबाऱ्याच्या जमिनीवर, बांधाला लावावा.

बांबूविषयी दोन शब्द अधिक. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील 'झाड' ह्या शब्दाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, म्हणजे मालकीच्या शेतात, लावलेला बांबू त्या कायद्याच्या दृष्टीने आता झाड राहिलेला नाही.

आता शासन प्रत्यक्षात काय देते ते पाहू. महाराष्ट्राने १९९०-९१ पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड सुरू केली. शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतात खड्डे खणायचे, त्याची मजुरी शासनाने द्यायची, आणि झाड मात्र शेतकऱ्याचे राहायचे. ही कल्पना त्या काळी नवीन होती आणि आजही शहाणपणाची वाटते. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याखाली अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांच्या व वनपट्टाधारकांच्या जमिनीवरही अशी कामे घेता येऊ लागली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ह्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला असून त्यात १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून न राहता ग्रामसेवक किंवा कृषी सहायक यांच्याकडून चालू नियम विचारून घ्यावेत. रोजगार हमीत न बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आणली. तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागून मिळते, आणि पुढील हप्त्यांसाठी ठरावीक प्रमाणात झाडे जगलेली असावी लागतात.

खरी कसोटी येथेच आहे. झाडे जगतात की मरतात हे जूनमध्ये ठरत नाही, ते एप्रिल-मेमध्ये ठरते. उतारावरील पाड्यात माणसांच्या पिण्याचे पाणी जेथे डोक्यावरून आणावे लागते, तेथे शंभर रोपांना हंड्याने पाणी कोण घालणार? बहुधा घरातील स्त्री, आणि तिच्या त्या कष्टाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. म्हणून शंभर रोपांचा लोभ न धरता घरातील माणसांना जगवता येतील तेवढीच रोपे घ्यावीत, आणि लागवडीच्या आधी बांधबंदिस्तीचे व शेततळ्याचे काम मागावे.

आपल्या योजनांतील मोठी उणीव अशी, की त्या झाड लावण्याचे पैसे देतात, राखण्याचे देत नाहीत. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका ह्या लहानशा देशाने १९९६ च्या वनकायद्याने निराळी वाट धरली. खाजगी जमिनीवरील उभे जंगल राखल्याबद्दल मालकाला मोबदला दिला जातो, आणि त्यासाठीचा मोठा निधी इंधनावरील करातून उभा राहतो. अमेरिकेतही १९८५ पासून शेतकरी आपली धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने गवत व झाडांखाली ठेवतो आणि सरकार त्याला वार्षिक भाडे देते. आपल्याकडे ज्याने पन्नास वर्षे मोह राखला त्याच्यासाठी अर्जाचा नमुनाच नाही!

अक्राणीचा आमचूर ह्या संदर्भात विचार करण्यासारखा आहे. उन्हाळ्यात धडगाव परिसरात घरोघरी गावठी आंब्याच्या कैऱ्या सोलून, चिरून उन्हात वाळत घातल्या जातात. शेतातील व घराभोवतीचे हे जुने आंबे टिकून आहेत, कारण ते दरवर्षी काही ना काही पैसा घरात आणतात आणि ते कोणाचे ह्याविषयी गावात वाद नसतो. ज्या वर्षी व्यापारी भाव पाडतो, त्या वर्षी मात्र कुऱ्हाडीला जोर येतो.

मालकीचे शेत आणि भोवतालचे वन यांचा संबंधही विसरता येत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा हे गाव आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून तेथील ग्रामस्थांनी श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ४४५ हेक्टर वन राखले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नियम मोडणाऱ्यास दंड हे सारे गावाने स्वतः ठरवले. वन सावरले तसे पाणी थांबले, विहिरींना पाझर आला, आणि मग खाजगी शेतातील पिके व झाडेही उभी राहिली. श्री. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नंदुरबारमधील ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांच्या ग्रामसभांना असे नियम करण्याचा अधिकार वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने दिलेला आहे.

तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी काही कामे करून ठेवावीत. सातबाऱ्यावर असलेल्या झाडांची नोंद तपासावी, नसल्यास तलाठ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. वनपट्ट्याच्या प्रमाणपत्रावर पत्नीचे नाव आहे का ते पाहावे. योजनेत लावलेल्या रोपांची यादी व मंजुरीचा कागद घरी जपून ठेवावा. आणि दावा फेटाळला गेला असेल तर निर्णय लेखी मागून, तो मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागावी.